छापील फाइल घरी ठेवली आणि चार दिवस डबे शोधत फिरलो

आदली रात्र

या प्रवासाची खरी सुरुवात निघायच्या आदल्या रात्री झाली म्हणून तिथूनच सांगते. मी आणि दादा, दोघंच, चार दिवस डोंगराकडे जिओकॅशिंगला जाणार होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो (त्यालाच कॅश म्हणतात), त्याचे को-ऑर्डिनेट्स वेबसाइटवर टाकतो, आणि बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. दादा हे माझ्या कितीतरी आधीपासून करतोय आणि त्याची पद्धत ठरलेली आहे, प्रत्येक कॅशचं पान प्रिंट करायचं, प्लास्टिकच्या कव्हरात घालायचं, जाड फाइल करून पाठीवर घ्यायची. एका कॅशचे दोन-तीन कागद धरा, चाळीस कॅशचे शंभराच्या वर. या वेळी मी म्हटलं दादा, फाइल घरी. सगळं हँडहेल्डमध्ये, म्हणजे हातात धरायच्या जीपीएस यंत्रात घेऊ, पेपरलेस जाऊ. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "ठीक आहे, पण तू जबाबदार."

म्हणून रात्री नीट बसले. त्या वेबसाइटचं प्रीमियम मेंबर असलं की पॉकेट क्वेरी करता येते, म्हणजे अमुक जागेभोवतीच्या, अमुक प्रकारच्या, मला न सापडलेल्या कॅशेस एका फाइलमध्ये द्या असं सांगायचं, एका क्वेरीत जास्तीत जास्त १००० कॅशेस येतात. ती जीपीएक्स फाइल असते. तिच्यात नुसते को-ऑर्डिनेट्स नसतात, पूर्ण वर्णन असतं, डब्याचा आकार, डिफिकल्टी-टेरेन (शोधणं आणि वाट किती अवघड ते), हिंट आणि शेवटचे ५ लॉग (आधी शोधून गेलेल्यांच्या नोंदी). केबल लावायची, यंत्र कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखं दिसतं, त्यातल्या जीपीएक्सच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायची, झालं. मी मुद्दाम शेवटच्या रात्रीच क्वेरी चालवली, कारण शेवटचे लॉग जितके ताजे तितके कामाचे. दादाची छापील पानं कधीकधी महिनाभर जुनी असायची आणि मधल्या काळात डबा हरवलेला असायचा.

८ सेल चार्ज केले (निकेल-मेटल हायड्राइडचे), यंत्रात सेलचा प्रकार बदलून घेतला कारण तो चुकीचा असला की बॅटरीची पट्टी खोटं दाखवते. दोन पेन घेतली. एवढं करून झोपले आणि एक गोष्ट विसरले, ती दुसऱ्या दिवशी कळली.

दिवस पहिला

गाडी लावली, यंत्र चालू केलं आणि थांबलो. घरापासून खूप लांब आलो होतो त्यामुळे पहिला फिक्स, म्हणजे आपण कुठे आहोत ते यंत्राला कळायला वेळ लागला. हे बऱ्याच जणांना यंत्र बिघडल्यासारखं वाटतं पण तसं नसतं, उपग्रहाकडून माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने येते आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक यायलाच साडेबारा मिनिटं लागतात. फोनला ही मदत नेटवर्कवरून मिळते म्हणून तो झटपट दाखवतो. तिथे नेटवर्कच नव्हतं. उघड्यावर यंत्र गाडीच्या टपावर ठेवून आम्ही बूट बांधले तोवर उपग्रह मिळाले होते.

पहिली कॅश ६२० मीटरवर. बाण दाखवतोय त्या दिशेने निघालो, आणि तीनशे मीटरवर ओढ्याची खोल घळ. पलीकडे जायला वाटच नाही. आता आठवलं. क्वेरीच्या झिपमध्ये दोन फाइली येतात, एक कॅशेसची आणि दुसरी जादा वेपॉइंट्सची, म्हणजे पार्किंग कुठे करायचं, पायवाट कुठून सुरू होते, मधले टप्पे कुठले वगैरे. मी पहिलीच टाकली होती, दुसरी लॅपटॉपवर राहिली. म्हणजे डबा कुठे आहे ते माहीत आणि तिथे जायचा रस्ता कुठून ते माहीत नाही. मला फार वाईट वाटलं कारण जबाबदारी मी घेतली होती. दादा एका शब्दाने काही बोलला नाही. उलट म्हणाला, "वर्णन वाच ना, तुझ्याकडे पूर्ण आहे म्हणालीस." वाचलं. लपवणाऱ्याने सरळ लिहिलं होतं की घळीच्या उत्तरेच्या टोकाला लाकडी साकव आहे तिथून या. गाडीत बसल्या बसल्या वाचलं असतं तर अर्धा तास वाचला असता. मग मी नियमच केला, बाणाकडे बघायच्या आधी वर्णन वाचायचं, पूर्ण. यंत्र सरळ रेषेतलं अंतर सांगतं, मध्ये नदी आहे की कडा आहे हे बाणाला कळत नाही.

डबा मिळाला, जुन्या लष्करी दारूगोळ्याचा असतो तसला पत्र्याचा, आत वही कोरडी ठणठणीत. सही केली. इथे एक सांगते, पेपरलेस म्हणतात त्याचा अर्थ कागद अजिबात नाही असा नाही. डब्यातल्या वहीत पेनने नाव लिहावंच लागतं, त्याशिवाय सापडला असं धरत नाहीत, आणि मला ते फार आवडतं. पेपरलेस म्हणजे आपण बरोबर नेतो तो कागद गेला, डब्यातला तिथेच राहतो, आपल्याआधी कितीतरी वर्षांपूर्वी आलेल्या माणसाच्या सहीखाली आपली सही.

दुपारनंतरच्या एका कॅशला वीस मिनिटं शोधूनही काही मिळेना. मायक्रो होती, म्हणजे फिल्मच्या डबीएवढी. दादाच्या जुन्या पद्धतीत आम्ही तिथे दीड तास घातला असता, कारण इतक्या लांब आलोय तर सोडायची कशी. मी शेवटचे लॉग उघडले, पाचपैकी वरचे तिन्ही डीएनएफ (डिड नॉट फाइंड, म्हणजे सापडला नाही), आणि त्यातल्या एकाने तर लिहिलंय की हिंटमधली कुंपणाची खांबणीच जागेवर नाही. सोडली. आम्हीही डीएनएफ नोंदवला. काही लोक न सापडल्याची नोंद टाकत नाहीत, मला ते पटत नाही, त्या तीन जणांनी लिहिलं म्हणून तर आमचा वेळ वाचला आणि डबा ठेवणाऱ्यालाही त्यामुळेच कळतं की जाऊन बघायला पाहिजे.

संध्याकाळपर्यंत ९ सापडल्या, १ नाही. रात्री दादाने विचारलं की हे सगळं असं आत कधीपासून वाचता येतंय. मी म्हटलं, बघ, २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि शंभरेक मीटरची अचूकता एकदम दहाएक मीटरवर आली, दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पहिली बादली लपवून को-ऑर्डिनेट्स इंटरनेटवर टाकले. तेव्हापासून पुढची बरीच वर्षं लोक कागदच नेत होते, किंवा एका खिशात जीपीएस आणि दुसऱ्या खिशात पाम (तळहाताएवढा कॉम्प्युटर), त्यावर कॅशमेट नावाचं सॉफ्टवेअर. २००८ साली गार्मिनच्या कोलोरॅडो आणि ओरेगन या मालिका आल्या आणि वर्णन, हिंट, लॉग एकाच यंत्रावर वाचता यायला लागलं. दादा म्हणाला पाम त्याच्याकडेही होता पण दोन वस्तू सांभाळायच्या म्हणून कंटाळून परत कागदावर आला. हे मला आजवर माहीतच नव्हतं.

दिवस दुसरा

या दिवसासाठी आम्ही बारा कॅशेसची साखळी ठरवली होती, एका दरीच्या कडेने जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर. सकाळी पोचलो तर रस्ता बंद. दरड खाली आली होती, पुढे कुणालाच सोडत नव्हते. आणि इथेच मला या सगळ्याचा खरा फायदा काय तो कळला. आजवर मी लोकांना सांगायचे की कागद वाचतो, वजन वाचतं, छपाईचा खर्च वाचतो, ते सगळं बरोबर आहे पण दुय्यम आहे. फाइल घेऊन आलो असतो तर त्यात याच बारा कॅशेसची पानं असती आणि आमचा दिवस तिथेच संपला असता. आता माझ्या हातात जवळजवळ हजार कॅशेस होत्या, पूर्ण वर्णनासकट, आणि नेटवर्क लागत नव्हतं. जवळची यादी उघडली, दक्षिणेला तळ्याभोवती सतरा दिसल्या. गाडी वळवली. तिथे जायचं आमच्या मनातही नव्हतं.

तळं सुंदर होतं, पाणी एकदम स्थिर, पलीकडे देवदारासारखी उंच झाडं आणि काठाने एकेरी पायवाट. पहिल्या चार कॅशेस पटापट मिळाल्या. एकमेकींपासून कमीत कमी १६१ मीटर अंतर ठेवायचा नियम आहे (मैलाचा दहावा भाग) त्यामुळे अशा वाटेवर एक झाली की पुढची तीन-चार मिनिटांवर असते आणि पायाला ताल सापडतो. दादा बाण बघत होता आणि मी वाचत होते, थोड्या वेळाने यंत्र त्याच्याकडेच राहिलं.

मग ती मल्टी आली, म्हणजे एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्याचा पत्ता मिळत जातो अशी कॅश. तिच्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण हाताने करायचं काम किती असतं ते त्यातून कळतं. पहिल्या टप्प्यावर एक दगड, त्यावर पत्र्याची पट्टी, आणि पट्टीवर फक्त एवढंच की इथून २१२ अंशांवर ३४० मीटर. पूर्वी दादा अशा वेळी नकाशा, कोनमापक आणि कंपास काढायचा. हँडहेल्डमध्ये प्रोजेक्ट वेपॉइंट नावाची सोय असते, आपण उभे आहोत ती जागा नोंदवायची, दिशा आणि अंतर टाकायचं, नवा बिंदू तयार. मी टाकलं, निघालो, आणि बिंदू तळ्याच्या पाण्यात. दादा हसला नाही, त्याने कपाळाला आठी घालून विचारलं, "तुझं उत्तर कुठलं उत्तर आहे?" मला आधी कळलंच नाही. तो म्हणत होता की यंत्र खरी उत्तर दिशा धरतंय का चुंबकीय. सेटिंग उघडलं तर चुंबकीय होतं, मी कधीतरी साध्या कंपासशी ताडून बघायला बदललं होतं आणि तसंच ठेवलेलं. वर्णनात मात्र खऱ्या उत्तरेपासूनचा कोन असं स्पष्ट दिलेलं. या दोन उत्तरांमधला फरक जागेप्रमाणे बदलतो, समजा १० अंशांचा असला तर ३४० मीटरवर तुम्ही जवळजवळ ६० मीटर बाजूला जाता. बदलून परत केलं, बिंदू काठावरच्या खडकांच्या राशीत आला. तिथे तिसऱ्या दगडाखाली डबा.

हे कागदाने शिकलेल्या माणसाने पकडलं, यंत्र वापरणाऱ्या माणसाने नाही, आणि मी ते मनापासून लिहितेय. यंत्र फक्त गणित करतं, कुठलं गणित करायचं ते आपण सांगतो.

हिंटबद्दल पण सांगायचंय. वेबसाइटवर हिंट रॉट १३ मध्ये असते, इंग्रजी मुळाक्षरं तेरा घरं पुढे सरकवायची, म्हणजे पहिल्या अक्षराच्या जागी चौदावं, आणि उलटं. म्हणजे चुकून नजर गेली तरी उत्तर कळू नये. छापील पानावर ती तशीच येते आणि खाली सोडवायचा तक्ता असतो, दादा गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर सोडवायचा. यंत्रात एक बटण दाबलं की सरळ वाचता येते. तळ्यावरच्या एका कॅशला मी शोधायला सुरुवात व्हायच्या आधीच ते बटण दाबलं आणि दादा खरंच नाराज झाला. म्हणाला अक्षरं सोडवताना अर्धी हिंट कळली की तो थांबायचा आणि परत शोधायला जायचा, अर्ध्या हिंटवर डबा मिळण्यात वेगळी मजा असते. मला पटलं. उरलेले दिवस आम्ही ठरवलं, दहा मिनिटं आधी शोधायचं, मगच बटण. त्यामुळे काही कॅशेस हिंटशिवाय मिळाल्या आणि त्याच आज जास्त आठवतायत.

त्या दिवशी १४ सापडल्या, ठरवलेल्या बारामधली त्यात एकही नव्हती.

दिवस तिसरा

पहाटे अंधारातच टेकडीवर गेलो, वरच्या कॅशचं वर्णन वाचून ठरवलं होतं की सूर्य उगवायच्या आधी वर पोचायचं. हेडलँपच्या उजेडात डबा मिळाला, सही केली आणि मग नुसते बसून राहिलो. खालची दरी धुक्याने भरलेली. अर्धा तास यंत्राकडे कुणी बघितलं नाही.

खाली उतरताना पाऊस सुरू झाला तो दिवसभर. फोन दोघांचेही प्लास्टिकच्या पिशवीत गेले. दादाच्या फोनवर मी सी-जिओ नावाच्या ॲपमध्ये सगळ्या कॅशेस ऑफलाइन साठवून दिल्या होत्या, दुसरा मार्ग हाताशी असावा म्हणून, आणि फोनची स्क्रीन मोठी, वाचायला सोपी, फोटोही दिसतात, हे सगळं खरंच चांगलं आहे. पण ओल्या बोटांनी टच स्क्रीन चालेना आणि थंडीने बॅटरी भराभर उतरली. माझं हँडहेल्ड बटणांचं, हातमोजे घालूनही चालतं, सेल संपले की पावसात झाडाखाली उभं राहून दोन मिनिटांत बदलता येतात. शहरात मी फोनच वापरते, आणि वापरत राहीन. डोंगरात पावसात मात्र हेच.

सेल बदलल्यावर एक काम करायचं असतं ते मी केलं नाही आणि आम्ही पंधरा मिनिटं गोल फिरत राहिलो. कंपास परत कॅलिब्रेट करायचा असतो. ज्या यंत्रात इलेक्ट्रॉनिक कंपास असतो ते उभ्या जागी दिशा दाखवतं, ज्यात नसतो ते चालत असलो तरच दाखवू शकतं कारण ते दोन जागांमधल्या फरकावरून दिशा काढतं. माझ्यात आहे, पण नव्या सेलमुळे आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र जरा बदलतं आणि बाण भलतीकडे बघायला लागतो. यंत्र तिन्ही बाजूंनी सावकाश फिरवलं, बाण सुधारला.

जंगल इतकं दाट की तिथे आणखी एक अडचण. ओल्या पानांखाली सिग्नल कमजोर होतो आणि झाडाखोडांवरून, कड्यावरून उलटून येतो, त्यामुळे शेवटच्या वीस मीटरमध्ये आकडा नाचतो. आत्ता ४ मीटर, पाऊल न हलवता १५. नवीन माणूस त्या आकड्यामागे धावतो. दादाने शिकवलेली युक्ती अशी की तीसेक मीटर आधीच मोकळ्या जागेत थांबायचं, यंत्र स्थिर होऊ द्यायचं, दिशा आणि अंतर बघून घ्यायचं, आणि मग यंत्र खिशात घालून त्या दिशेने पावलं मोजत जायचं. तिथे पोचल्यावर स्वतःला विचारायचं की मी असते तर कुठे लपवला असता. को-ऑर्डिनेट्समधलं शेवटचं स्थान, म्हणजे मिनिटाचा हजारावा भाग, उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर असतं, पण लपवणाऱ्याचं यंत्रही त्या दिवशी पाच-दहा मीटर चुकलेलं असू शकतं, मग आपण एकेक मीटरसाठी कशाला भांडायचं. पोकळ खोडात मिळाला.

तिथे एक ट्रॅव्हल बग होता, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात न्यायची नंबर असलेली वस्तू, धातूची पट्टी आणि तिला बांधलेलं लहानसं लाकडी कासव. त्याला पुढच्या डोंगरावर न्यायचं ठरवलं. नंबर वहीत लिहायची सवय, पण मी तो कॅशच्या टिप्पणीतच टाईप केला. एकेक अक्षर निवडत टाईप करायला वेळ लागतो म्हणून मी खुणा ठरवल्यात, घेतला की एक, ठेवला की दुसरी, वही भिजलेली असली तर तिसरी. त्या दिवशी तिसरी खूण दोनदा वापरली. एका डब्यात वहीचा लगदा झाला होता, आम्ही आमच्याकडची कोरी पट्टी घातली आणि तसं नोंदवलं.

पावसामुळे फक्त ५.

दिवस चौथा आणि घरी

परतीच्या वाटेवर तीन कॅशेस, तिन्ही रस्त्यालगत, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कासव तिसऱ्या डब्यात ठेवलं, डबा मोठा होता आणि झाडी छान होती.

घरी येऊन यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. कॅश सापडल्याची नोंद यंत्रात करतो तेव्हा एक साधी टेक्स्ट फाइल तयार होत जाते, प्रत्येक ओळीत जीसी कोड (त्या कॅशचा वेबसाइटवरचा क्रमांक), तारीख-वेळ, सापडला की नाही, आणि आपली टिप्पणी. ती वेबसाइटवर चढवली की सगळ्यांचे ड्राफ्ट तयार होतात, मग एकेक उघडून नीट लिहायचं. एक लक्षात ठेवा, त्या फाइलमध्ये वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या घड्याळाची नाही. आमच्या टेकडीवरच्या पहाटेच्या डब्यावर म्हणूनच आदल्या दिवसाची तारीख दिसत होती. सबमिट करायच्या आधी तारखा बघून घेतल्या आणि ती दुरुस्त केली.

दादा शेजारी खुर्ची ओढून बसला. एकतीस सापडलेल्या आणि एक न सापडलेली, सगळ्यांचे लॉग आम्ही दोघांनी मिळून लिहिले, जवळजवळ तीन तास. जागेवर टाईप केलेले दोन-दोन शब्द होते, "साकव", "तिसरा दगड", "धुकं", आणि तेवढ्यावरून पूर्ण प्रसंग परत उभा राहायचा. पूर्वी तो घरी आल्यावर पंधरा दिवसांनी आठवेल तसं लिहायचा, सगळ्यांना सारखंच, डब्याबद्दल धन्यवाद. डबा लपवणाऱ्याला मिळतं काय तर हा लॉगच, त्यात त्याच्या जागेबद्दल काहीतरी खरं असायला हवं असं मला फार वाटतं. तळ्याकाठच्या मल्टीला दादाने स्वतः लिहिलं, अर्धं पान, उत्तरेच्या सेटिंगसकट.

दोन दिवसांनी हिंटमधल्या खांबणीवाल्या कॅशच्या मालकाची नोंद आली की जाऊन बघितलं, डबा गेला होता, नवीन ठेवलाय आणि हिंट बदललीये. मी दादाला फोन केला तर त्याला ते आधीच माहीत होतं. त्याने स्वतःची क्वेरी केली होती, त्या डोंगराच्या पलीकडच्या बाजूची, आणि मला विचारत होता की झिपमधल्या दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये टाकायच्या ना.